सेल आण्णांच्या बंडीत असायचे

हरभरा उगवून पंधरा दिवस झालेत. घाटे अळीला अजून अवकाश आहे, म्हणून आज शेतातलं कमी आणि घरातलं जास्त लिहितो. विषय लाईटबिलाचा आहे, पण नेहमीचं रडगाणं नाही.

गेल्या महिन्याचं घरचं बिल १८८ युनिटचं आलं. एरवी ११५ च्या आसपास असतं. हजाराचं बिल दोन हजाराला टेकलं. बिल हातात घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात तो गाण्याचा डबा वाजत होता आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दिवसभर हे डबडं चालू, मग बिल येणार नाही तर काय!" सूनबाई काही बोलली नाही. उठली, बटण बंद केलं. मग चार दिवस घरात भाकरी थापल्याचा तेवढा आवाज. पाचव्या दिवशी मला आमच्या आण्णांची आठवण झाली, आणि ती काही फार चांगली आठवण नव्हती.

तेव्हा म्हटलं एकदा हिशोब बघूच. घरात बसून ऐकायला वीज लागते किती, आणि मागच्या पिढ्यांना किती पडायची. काही वाचलेलं आहे, काही डोळ्यांनी पाहिलेलं, आकडेमोड माझी.

घरातलं आवाजाचं पहिलं यंत्र बिनविजेचं होतं. चावीचा फोनो. कोलकात्यात सियालदहला १९०८ साली तबकड्या छापायचा कारखाना निघाला आणि तिथून लाखेच्या त्या काळ्या तबकड्या देशभर गेल्या. हातानं चावी भरायची, स्प्रिंग उलगडत जायची, तबकडी फिरायची. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपली की पुन्हा चावी. वीज शून्य. खर्च पिनांचा, कारण पोलादी पीन एका बाजूला झिजायची आणि तीच वापरली तर तबकडी खरवडायची. आमच्याकडं लग्नात भाड्यानं फोनो यायचा म्हणतात, मी तो बंद पडलेलाच पाहिलाय.

विजेचा प्रश्न आला रेडिओबरोबर. मुंबईचं केंद्र १९२७ साली सुरू झालं, पुण्याचं १९५३ साली. शहरात वायर होती, तिथं पेटीएवढा व्हॉल्व्हचा रेडिओ भिंतीतल्या प्लगावर चालायचा. खेड्यात वायर नव्हती. मग खेड्यासाठी बॅटरी पॅकवरचे सेट असत. हा पॅक म्हणजे आपल्या डोक्यातला सेल नव्हे. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागायची. आतली तार तापवायला दीड व्होल्ट, आणि वरचं काम करायला ९० व्होल्ट. दीड व्होल्टचे ६० छोटे सेल एकाला एक जोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले की तो ९० व्होल्टचा पॅक व्हायचा. वीज खायचा एक-दीड वॅटच. पण तो पॅक उतरला की उतरला, फेकून नवा आणायचा.

याच जमान्यात पुणे आकाशवाणीनं एक मोठा प्रयोग केला. युनेस्कोच्या मदतीनं १९५६ साली १९ फेब्रुवारी ते २९ एप्रिल, पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास शेतीचा कार्यक्रम, असे एकूण २०. गावात पंधरा-वीस जणांचा गट रेडिओभोवती बसायचा, कार्यक्रम संपला की त्यावर चर्चा करायचा आणि आपले प्रश्न पुण्याला पाठवायचा. पॉल न्यूराथ नावाचे प्राध्यापक तेव्हा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत होते, त्यांनी आधी आणि नंतर माहिती घेऊन तपासलं. ऐकणाऱ्या गावांतल्या लोकांची जाण न ऐकणाऱ्या गावांपेक्षा चांगलीच वाढलेली निघाली. १९५९ पासून हेच देशभर नेलं. आज आपण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जे करतो ते आपल्याच भागात १९५६ ला झालं होतं, फरक एवढाच की तिथं बोलताना समोरच्याचं तोंड दिसायचं.

हा रेडिओ गावाचा, त्याचा खर्च वाटून व्हायचा. एकट्या शेतकऱ्याला तो पॅक परवडणारा नव्हता. आणि गावाचा रेडिओ म्हणजे चावडीवर किंवा शाळेत. चावडीवर बायका बसत नसत, हे सांगायला नको.

वायरीचं म्हणाल तर वीज आपल्या डोंगरात तयार व्हायची आणि जायची दुसरीकडंच. टाटांचं खोपोली १९१५ चं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. राज्य वीज मंडळ १९६० चं, कोयनेची वीज १९६२ पासून. गावं जोडली जाऊ लागली, पण त्यातही एक गंमत होती. गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशासाठीही वीज वापरली की ते गाव सरकारी कागदावर 'विद्युतीकरण झालेलं' धरलं जायचं. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटर बसली की अख्खं गाव उजळलं. किमान १० टक्के घरांत वीज हवी ही अट यायला २००४ साल उजाडलं. आमच्या मोटरीला वायर आली १९७४ साली, घरात आली १९८३ साली. नऊ वर्षं विहिरीवर लाईट आणि घरात कंदील.

ज्यांच्या घरात वायर होती त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ४०-५० वॅट खायचा. त्यातला दोन-तीन वॅटच आवाजाला, बाकी सगळी ऊब. बटण फिरवल्यावर तो गरम व्हायला अर्धा मिनिट लागायचा, मग आतून आवाज यायचा. गावातल्या गुरुजींच्या घरी असा होता, त्यावर हिवाळ्यात मांजर झोपायचं. रोज चार तास लावला तर महिन्याला साडेपाच युनिट. वर पोस्टात लायसन काढायला लागायचं, वर्षाला १५ रुपये. ते लायसनचं पुस्तक आणि त्यातली तिकिटं आमच्या पेटीत अजून आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे लायसन गेलं.

सगळं बदललं ते ट्रान्झिस्टरनं. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हा शोध लागला, आणि १९५४ साली पहिला खिशातला रेडिओ तिकडं बाजारात आला. तापवायची तारच नाही, त्यामुळं ऊब नाही, ९० व्होल्ट नाहीत. साधे टॉर्चचे सेल पुरले. आपल्याकडं वस्तूचं नावच ट्रान्झिस्टर पडलं. वायर नसलेल्या घरात आवाज आला तो या सेलांमुळं.

आमच्या आण्णांनी १९७६ साली कांद्याच्या पट्टीतून मर्फीचा ट्रान्झिस्टर आणला. ठाण्यात कारखाना होता त्यांचा. चामड्याचं भोकाभोकाचं कव्हर, आत चार मोठे सेल. आण्णांचं ऐकणं ठरलेलं. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुण्याहून प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव. बास. ते ऐकून झालं की मागचं झाकण उघडायचं, चारी सेल काढायचे, बंडीच्या खिशात टाकायचे आणि शेतात जायचं. दुपारी मुंबई केंद्रावर बायकांसाठी 'वनिता मंडळ' लागायचं. शेजारच्या घरात ते चालू असायचं, आणि आई दाणे निवडायला सूप घेऊन आमच्या कुडाच्या त्या अंगाला बसायची. मला तेव्हा वाटायचं तिथं सावली असते म्हणून बसते.

आता आकडे बघा. चार सेलचा तो रेडिओ बेताच्या आवाजावर खातो ०.१५ वॅटच्या आसपास. साध्या मोठ्या सेलात वीज असते साधारण साडेपाच वॅट-तास, म्हणजे चार सेलांत २२. रोज दोन तास ऐकलं तर अडीच महिने जातात. रोज पाच तास ऐकलं, म्हणजे आण्णांचे दोन आणि आईचे तीन, तर महिन्यात खलास. आण्णांना हे लिहिता-मांडता येत नव्हतं, पण अनुभवानं पक्कं माहीत होतं. त्यांचं गणित चुकत नव्हतं.

पण हीच वीज युनिटात मोजा. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. तेवढी वीज सेलातून काढायची तर १८० सेल लागतात. परवा बाजारातून मोठे सेल आणले, २० रुपयाला एक पडला. म्हणजे सेलातली वीज ३,६०० रुपये युनिट. वायरीतली वीज पहिल्या शंभर युनिटला वहन आकार धरून ६ रुपयांच्या आत. सहाशे पट! आईच्या रोजच्या तीन तासांना आजच्या भावानं सेलात महिना ५० रुपये लागले असते. तेच तीन तास वायरीवर महिना ८ पैसे.

आणि आपल्या हिशोबात सांगायचं तर पाच एचपीची मोटर एक तास चालली की चार युनिटच्या वर जाते. तेवढ्या विजेवर आण्णांचा मर्फी रात्रंदिवस न थांबता तीन वर्षं वाजला असता. मोटरीचं बिल हॉर्सपॉवरवर, ती किती चालली हे कुणी बघत नव्हतं. सेल मात्र खिशातून मोजून काढावे लागायचे.

सेल जपायच्या तऱ्हा तुम्हालाही आठवत असतील. उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, चुलीजवळ ठेवायचे. त्यात अंधश्रद्धा काही नाही. सेल म्हणजे आत चाललेली रासायनिक क्रिया, ऊब मिळाली की ती थोडी वेग धरते, तास-दोन तास निघतात. मी बुधवारी रात्री आठला सिलोनवरची बिनाका ऐकायला टॉर्चचे तीन आणि वाळवलेला एक असे चार जमवायचो. एकदा ते परत ठेवायचे राहिले आणि आण्णा रात्रीच्या पाण्याला गेले ते काळोखात पाटात पडले. त्याचा प्रसाद मला मिळाला. आईला माहीत होतं टॉर्च रिकामा आहे. ती पण ऐकत होती.

जाता जाता एक. ते लाल एव्हरेडी सेल बनवणारी कंपनी तेव्हा युनियन कार्बाइड होती. भोपाळचीच. सेव्हिन कीटकनाशकाचा कारखाना आणि आमच्या मर्फीतले सेल, दोन्ही एकाच मालकाचे. डिसेंबर १९८४ मधली ती बातमी आमच्या घरानं त्याच कंपनीच्या सेलांवर ऐकली.

१९८३ साली घरात वायर आली तेव्हा एलिमिनेटर मिळत होता. छोटा डबा, एक टोक प्लगात, दुसरं रेडिओत, सेल लागतच नाहीत. तो डबा स्वतः दोन-तीन वॅट खायचा, तरी महिन्याला रुपयाची वीज झाली नसती. आण्णांनी आणला नाही. "लाईटवर लावलं की बिल येतं," एवढंच. सेल बंडीतच राहिले. वीज सहाशे पट स्वस्त होऊन घरात आली होती आणि ते आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही, दहावी पास होतो तरी. युनिट काय असतं ते पुस्तकात होतं, घरातल्या गोष्टीला लावून कुणी दाखवलं नव्हतं.

टेपरेकॉर्डरनं मग सेलांचा निकाल लावला. त्यात मोटर, आणि फिरवायचं काम आलं की वीज लागतेच. सहा सेलचा टेप दोन वॅटच्या आसपास खायचा, म्हणजे दहा-पंधरा तासांत सहा सेल पार. म्हणून कॅसेट मागं न्यायची ती पेन घालून हातानं गरगर फिरवून. चावीचा फोनोच परत आला म्हणायचा. १९८८ साली मी टेप आणला तो थेट प्लगावर. आई पहिल्यांदा मनसोक्त ऐकायला लागली ती तेव्हा, तिचं वय पंचावन्न. आण्णा बाहेरून आले की ती हात पुसून आधी आवाज कमी करायची. ही सवय तिची २००१ साली ती गेली तोवर मोडली नाही.

नव्वदनंतरचं थोडक्यात सांगतो. डेकवर, स्पीकरवर '१००० वॅट पीएमपीओ' अशी चिकटपट्टी असायची. पोरं वाचून दाखवायची आणि म्हातारी माणसं घाबरायची, की इस्त्रीएवढी वीज खातो हा! पीएमपीओ म्हणजे क्षणभर निघू शकेल असा फुगवलेला आकडा, विकण्यासाठीचा. खरा आकडा मागच्या पाटीवर बारीक अक्षरात असतो, तो २०-३० वॅटच निघायचा. पुढं २००५ नंतर भारनियमनानं बारा-बारा तास लाईट जायला लागली तेव्हा माळ्यावरचे ट्रान्झिस्टर खाली आले आणि पुन्हा सेल. मग मोबाईल आले आणि तो प्रश्नच सरला.

एक खर्च मात्र वाढला तो दिसत नाही. रिमोटनं बंद केलेला सेट बंद नसतो, रिमोटची वाट बघत जागा असतो. अमेरिकेत ॲलन मायर नावाच्या संशोधकानं १९९८ साली मांडलं की अशी जागी उपकरणं एका वॅटपेक्षा जास्त खाऊ नयेत. युरोपनं २०१० पासून तसा नियमच केला, २०१३ ला साध्या स्टँडबायसाठी तो अर्ध्या वॅटवर आणला. आपल्या टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स घ्या. दहा वॅटचा असेल आणि भिंतीवरचं बटण बंद केलं नाही तर महिना सात युनिट, कुणी बघो न बघो.

आता आमच्या डब्याचं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि पाटीवर लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा. आमच्या मीटरवर ३२०० आहे. रविवारी फ्रीजसकट सगळं बंद केलं, फक्त गाण्याचा डबा लावला आणि घड्याळ घेऊन मीटरखाली उभा राहिलो. दोन लुकलुकींमध्ये ४५ सेकंद. ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं की वॅट मिळतात, म्हणजे २५ वॅट. तुमच्या पाटीवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला आधी त्या आकड्यानं भागा, मग सेकंदांनी. रिमोटनं बंद करून पाहिलं तर दिवा नऊ मिनिटांनी एकदा लुकलुकला, म्हणजे दोन वॅट.

रोज पाच तास वाजला तर महिन्याला पावणेचार युनिट. शंभरच्या वरच्या टप्प्यात ११ रुपये युनिट आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं तरी ५० रुपयांच्या आत.

मग वाढलेले ७३ युनिट गेले कुठं? एकेक बटण लावत गेलो. गोठ्याबाहेरचं बटण दाबलं आणि मीटरचा दिवा पाच-सहा सेकंदाला एक असा पळायला लागला. दीड महिन्यापूर्वी शेजारच्या वस्तीवर बिबट्यानं वासरू नेलं, त्यानंतर २०० वॅटचा हॅलोजन मीच लावलाय. संध्याकाळी सात ते सकाळी सहा. अकरा तास, रोज दोन युनिट दोनशे, महिन्याला ६६. साडेआठशे रुपये. उरलेले सात दिवाळीच्या माळांचे.

सूनबाई धारोष्ण दूध गाळत होती तिथं जाऊन सांगितलं, की डब्याचं बिल ५० रुपये सुद्धा नाही, हॅलोजन माझा होता. ती म्हणाली, "मामा, मला माहीत होतं. मागच्या पाटीवर २५ वॅट लिहिलंय." मी विचारलं मग बोलली का नाहीस. तिनं गाळणं झटकलं आणि पातेलं उचलून आत गेली.

हॅलोजन काढून २० वॅटचा एलईडी लावला आहे, उजेड गव्हाणीपर्यंत पुरतो, बिबट्याचं बिबट्याला माहीत. डबा कालपासून परत चालू आहे. सकाळी मी आत गेलो तेव्हा तिनं आवाज कमी करायला हात पुढं केला, मी म्हटलं राहू दे.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला आहे. हरभऱ्याला पहिलं पाणी फुलं लागायच्या आधी द्यायचं आहे, जमीन हलकी असेल त्यांनी जास्त लांबवू नका.